गोट्या, वागळे आणि माळ्यावरच्या कॅसेट

2021 च्या फेब्रुवारीत ‘वागळे की दुनिया’ सोनी सबवर परत आली. 1988 साली दूरदर्शनवर श्रीनिवास वागळे झालेले अंजन श्रीवास्तव आणि त्यांची बायको झालेल्या भारती आचरेकर याही वेळी घरात होते, फक्त आता ते आजी-आजोबा झाले होते. संसाराचा गाडा त्यांच्या मुलाच्या, राजेशच्या खांद्यावर आला होता आणि राजेश झाला होता सुमीत राघवन. ऐंशीच्या दशकात गृहपाठ उरकून टीव्हीसमोर बसलेल्यांना हा चेहरा नवा नव्हता. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे दूरदर्शनवर आला तेव्हा फुरसुंगीचा तो काटकुळा, उचापती बनेश हाच होता. मुलांच्या मालिकेतला नायक मोठा होऊन कौटुंबिक मालिकेतला बाप झाला. त्याला लहानपणी पाहणारेही तोवर आईबाप झाले होते.

आज चाळिशी-पन्नाशीत असलेल्या पिढीला सध्या असे जुने चेहरे वरचेवर भेटतात. 2020 च्या टाळेबंदीत दूरदर्शनने ‘रामायणा’बरोबर ‘शक्तिमान’ही पुन्हा दाखवला आणि एप्रिलमध्ये जुन्या मालिकांसाठी ‘डीडी रेट्रो’ ही वेगळी वाहिनीच सुरू केली. ‘मालगुडी डेज’ मोबाइलवर आहे, ‘गोट्या’ शोधला तर सापडतो, ‘अशी ही बनवाबनवी’चे तुकडे कुणी ना कुणी रोज पाठवतंच. शेजारी बसलेलं दहा वर्षांचं पोर कधी खदखदून हसतं, तर कधी वळून विचारतं, ‘यात हसण्यासारखं काय आहे?’

हा प्रश्न झटकून टाकण्यासारखा नाही. आपण हसलो ते त्या विनोदाला, की त्या संध्याकाळला, त्या भरलेल्या खोलीला? जुनं सगळं सोनं होतं असं म्हणणं सोपं आहे आणि ते खरंही नाही. पण मन घट्ट करून हा सगळा ऐवज पुन्हा पाहिला, तर एक गोष्ट लख्ख दिसते : मोठ्यांना हसवणारं आपण बरंच जपलं, मुलांसाठी केलेलं मात्र हातातून निसटू दिलं.

मुंबई दूरदर्शन केंद्र 2 ऑक्टोबर 1972 रोजी सुरू झालं. टीव्ही घेणं ही त्या काळी घरातली मोठी घटना असे. त्याला रेडिओसारखा सरकारी परवाना लागे, लाकडी पेटीला सरकती दारं असत आणि गच्चीवर अँटेना फिरवणाऱ्याला खालून ‘आलं, आलं... गेलं!’ असं ओरडून सांगावं लागे. वाड्यात किंवा चाळीत एकाकडे संच असला, तर सगळा मजला तिथे गोळा होई. निवडायला दुसरी वाहिनी नव्हती. मुलांसाठीचं ‘किलबिल’ आजोबाही बघत आणि मोठ्यांचा ‘गजरा’ मुलंही. एकत्र बघणं ही त्या काळाची सक्ती होती. त्या सक्तीमुळे लिहिणाऱ्यांना एक शिस्त लागली : आजीला अवघडल्यासारखं होणार नाही आणि नातवाला कंटाळा येणार नाही, असं काहीतरी लिहायचं.

त्या शिस्तीतून आलेली ठळक निर्मिती म्हणजे ‘चिमणराव’. चिं. वि. जोशी बडोद्याचे, गायकवाडांच्या दप्तरखान्यात काम केलेले, पालीचे गाढे अभ्यासक. त्यांनी घाबरट, गोंधळलेला चिमणराव आणि त्याचा सोटा बाळगणारा दणकट मावसभाऊ गुंड्याभाऊ यांना जन्म दिला, तेव्हा टीव्हीचा पत्ताही नव्हता. 1940 साली मास्टर विनायकांनी ‘लग्न पाहावं करून’मध्ये दामुअण्णा मालवणकर आणि विष्णुपंत जोग यांच्या रूपात ही जोडी पडद्यावर आणली होती. पण आज चिमणराव म्हटलं की डोळ्यांपुढे येतात ते दिलीप प्रभावळकर आणि गुंड्याभाऊ म्हणजे बाळ कर्वे. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस विजया धुमाळे यांनी ही मालिका केली ती स्टुडिओतल्या चार भिंतींत, कृष्णधवल चित्रात, नाटकाच्या नेपथ्यासारख्या घरात.

आता पाहिलं तर त्याची गती संथ वाटते. कॅमेरा फारसा हलत नाही, दार उघडलं की भिंत थरथरल्यासारखी होते. तरी हसू येतं, कारण विनोद शब्दांत आणि स्वभावात आहे. आपण फार व्यवहारी आहोत असं चिमणरावाला वाटतं आणि प्रत्येक व्यवहारात तो फसतो. प्रभावळकरांचा आवाज ज्या ठिकाणी चिरकतो, त्या ठिकाणी सगळा मध्यमवर्गीय पुरुषी ताठा गळून पडतो. घरातली बायकामाणसं त्याच्यापेक्षा शहाणी आहेत, हे प्रेक्षकाला दिसत असतं. पन्नास वर्षांपूर्वीचा हा विनोद बायकोच्या जिवावर उभा राहत नाही, ही गोष्ट आज मुद्दाम नोंदवायला हवी.

मुलांच्या मालिकांची मुळंही अशीच पुस्तकांत होती. ना. धों. ताम्हनकरांचा ‘गोट्या’ राजदत्त यांनी दूरदर्शनवर आणला आणि जॉय घाणेकर हा मुलगा महाराष्ट्राचा गोट्या झाला. अशोक पत्की यांच्या चालीतलं शीर्षकगीत आज चाळिशीतल्या माणसाला अर्ध्या रात्री उठवलं तरी म्हणता येतं. मालिका पुन्हा पाहताना लक्षात येतं की ती सुरुवातीला वाटते तितकी साधी नाही. आईबाप नसलेला एक मुलगा दुसऱ्याच्या घरात येतो आणि हळूहळू त्या घराचा होतो. त्याचा प्रामाणिकपणा कधी जास्तच तुपात घोळलेला वाटतो, हे खरं. आजचं मूल कदाचित म्हणेल, इतका गुणी कुणी असतो का? पण आपण या घरात कायमचे आहोत की पाहुणे, ही त्या मुलाच्या डोळ्यांतली शंका कोणत्याही काळातल्या मुलाला कळते. फास्टर फेणे नेमका उलट्या वळणाचा. तो गुणी नाही, खटपट्या आहे, सायकलवर टांग मारून संकटात घुसतो आणि ‘ट्टॉक’ करून बाहेर येतो. ज्यूल व्हर्नला मराठीत आणणाऱ्या भागवतांना मुलांना उपदेश नको असतो, वेग हवा असतो, हे पक्कं ठाऊक होतं.

याच काळात सगळ्या देशाने पाहिलेली ‘मालगुडी डेज’ (1986) ही या साऱ्यातली सर्वांत कमी वय झालेली मालिका म्हणावी लागेल. दिग्दर्शक शंकर नाग कन्नड सिनेमाचा लाडका नट, पण रंगभूमीचे धडे त्याने मुंबईत गिरवले होते आणि चापेकर बंधूंवरच्या ‘22 जून 1897’ या मराठी चित्रपटाच्या लेखनातही त्याचा हात होता. शिमोगा जिल्ह्यातल्या पावसाळी आगुंब्यात त्याने आर. के. नारायण यांचं काल्पनिक गाव उभं केलं. सुरुवातीची रेखाचित्रं लेखकाच्या धाकट्या भावाची, म्हणजे आर. के. लक्ष्मण यांची. दोन वर्षांनी आलेला वागळेही लक्ष्मण यांच्याच डोक्यातून निघाला आणि दुर्गा खोटे प्रॉडक्शन्सने तो कुंदन शहांच्या दिग्दर्शनाखाली पडद्यावर आणला.

मास्टर मंजुनाथने उभा केलेला स्वामी गोंडस नाही. तो खोटं बोलतो, अंधाराला घाबरतो, मित्रावर जळतो, शाळेला दांडी मारतो. गिरीश कार्नाड यांनी केलेला त्याचा बाप कडक आहे, पण राक्षस नाही. शाळेतली छडी पाहून आजची मुलं गप्प होतात आणि ‘खरंच मारायचे का?’ असं विचारतात. तिथे थांबून ‘हो, मारायचे’ असं सांगता येतं. त्या मालिकेने छडीला कधी गमतीचा विषय केलं नाही, म्हणून हे सांगणं जड जात नाही.

मुलांसाठीच्या भारतीय टीव्हीची गोष्ट सांगताना विजया मुळे यांना वगळून चालणार नाही. मुंबईत 1921 साली जन्मलेल्या या बाईंनी शैक्षणिक चित्रपटांसाठी आयुष्य वाहिलं. 1974 ची ‘एक अनेक और एकता’ ही फिल्म्स डिव्हिजनची चिमुकली चित्रफीत त्यांची. भीमसेन यांचं ॲनिमेशन, कोकणातून आलेल्या वसंत देसाईंचं संगीत, पारधी, जाळं आणि एकजुटीने उडणारे पक्षी. दूरदर्शनने ती इतक्या वेळा दाखवली की हिंदी न येणाऱ्या मुलांनाही ती पाठ झाली. आज पाहिली तरी तिच्यातली साधी रेषा जुनी वाटत नाही. आपण जिचं गाणं गुणगुणतो त्या चित्रफितीमागे एक मराठी स्त्री होती, हे मात्र फार थोड्यांना माहीत असतं.

नव्वदचं दशक आलं आणि रविवारची सकाळ परदेशी चित्रांनी भरली. 1993 मध्ये जपानी ‘जंगल बुक’ हिंदीत आलं. त्याचं शीर्षकगीत गुलजारांनी लिहिलं, विशाल भारद्वाजने चाल दिली आणि शेरखानला आवाज दिला मुरुड-जंजिऱ्याच्या नाना पाटेकरने. पाठोपाठ डिस्नेची ‘डक टेल्स’ आणि ‘टेल स्पिन’ आली. काम चोख होतं, त्यात वाद नाही. पण तोवर जे मूल टीव्हीवर आपल्या भाषेतला मुलगा बघत होतं, ते आता रविवारी हिंदी बोलणारं बदक बघू लागलं. बदल हळूच झाला आणि कुणाला टोचला नाही.

मोठ्यांच्या विनोदाचं उलट झालं. तो वाढत गेला आणि गंमत म्हणजे हिंदीतही तो पुढे बराचसा मराठी माणसांच्या हातून वाढला. ‘ये जो है जिंदगी’ (1984) या शरद जोशींनी लिहिलेल्या मालिकेत सतीश शहा दर भागात नव्या सोंगात येई आणि आज पाहतानाही पुढचं सोंग कोणतं याची उत्सुकता वाटते. 1994 च्या सुमारास सचिन पिळगावकरांनी ‘तू तू मैं मैं’ केली. रीमा लागू सासू, सुप्रिया पिळगावकर सून. सासू-सुनेचं भांडण हा विषय आज ऐकायलाही नको वाटतो, कारण पुढच्या दशकात दैनंदिन मालिकांनी त्याचं विष केलं. पण इथे दोघी तोडीस तोड आहेत. कुणी कुणाला चिरडत नाही, दोघींनाही चांगली वाक्यं मिळतात आणि घरातले पुरुष मध्ये सापडून घाम पुसतात. रीमाताईंच्या नुसत्या भुवईवर एक प्रसंग उभा राहतो.

‘हम पाँच’ (1995) पाहताना मात्र चुळबुळ होते. अशोक सराफ यांचा आनंद माथुर पाच मुलींच्या तावडीत सापडलेला बाप. त्यांची वेळ साधण्याची हातोटी आजही शिकवण्यासारखी आहे. पण विनोद कशावर चालतो? एक मुलगी देखणी म्हणून बिनडोक, एक शिकलेली म्हणून रुक्ष, एक मुलग्यासारखी वागते म्हणून ‘भाई’. मुली हा बापाच्या डोक्यावरचा भार, हे गृहीत धरूनच सगळं पुढे सरकतं. आणि भिंतीवरच्या तसबिरीतून नवऱ्याला टोमणे मारणारी दिवंगत पहिली बायको कोण, तर प्रिया तेंडुलकर. दहाच वर्षांपूर्वी बासू चटर्जींच्या ‘रजनी’त हीच बाई कामचुकार दुकानदार आणि कार्यालयांना धारेवर धरत होती. 1985 ते 1995 या दहा वर्षांत टीव्हीवरची मध्यमवर्गीय स्त्री रस्त्यावरून फोटोफ्रेममध्ये गेली. ‘श्रीमान श्रीमती’चं तर मूळच शेजाऱ्याच्या बायकोवर डोळा ठेवण्यात आहे. लहानपणी त्यातलं काही कळत नसे, म्हणून ते निरागस वाटलं. आता मुलीला शेजारी बसवून ते बघवत नाही.

जाडेपण, काळा रंग, तोतरेपणा यांवरची थट्टा त्या काळच्या जवळजवळ प्रत्येक मराठी विनोदी चित्रपटात सापडते. ते झाकण्यात अर्थ नाही आणि त्यासाठी चित्रपट अडगळीत टाकण्यातही नाही. आईबाप शेजारी असतील आणि जिथे खटकतं तिथे बोलतील, तर तेवढं पुरे आहे.

‘अशी ही बनवाबनवी’ (1988) या कसोटीवर आश्चर्य वाटावं इतका उतरतो. याच कथानकावर हृषीकेश मुखर्जींनी 1966 मध्ये ‘बीवी और मकान’ केला होता. मराठीत वसंत सबनीसांनी ती गोष्ट पुण्याच्या मातीत अशी रुजवली की ती उसनी आहे हे सांगूनही पटत नाही. दोन पुरुष साडी नेसतात, पण हसू बाईपणाला नाही. बाईला रोज जे सोसावं लागतं ते पुरुषाला दोन दिवस सोसताना काय होतं, त्याला ते आहे. मुळाशी प्रश्न आहे डोक्यावर छप्पर मिळण्याचा. एकट्या पोरांना खोली द्यायला घरमालक आजही कचरतो, म्हणून कॉलेजसाठी पुण्यात येणारी मुलं हा चित्रपट आजही आपला म्हणून बघतात. अशोक सराफ, लक्ष्मीकांत बेर्डे, सुधीर जोशी आणि लीलाबाई काळभोर झालेल्या नयनतारा यांची जुगलबंदी लिहिलेल्या शब्दावर उभी आहे. टोप्या उडवण्यावर आणि तोंडं वेडीवाकडी करण्यावर त्यांना अवलंबून राहावं लागलं नाही.

महेश कोठारेंचा ‘झपाटलेला’ (1993) मुलांनी पांघरुणाच्या फटीतून पाहिला. परदेशी भयपटातली खुनी बाहुली इथे तात्या विंचू झाली. रामदास पाध्ये यांनी घडवलेला तो बोलका बाहुला खराखुरा, हाताने हलवलेला आहे, म्हणून तीस वर्षांनीही मुलं दचकतात. त्याचा आवाज दिलीप प्रभावळकरांचा. ज्यांच्या चिमणरावाने महाराष्ट्राला हसवलं, त्यांनीच पुढच्या पिढीला घाबरवलं. त्याच प्रभावळकरांनी मुलांसाठी ‘बोक्या सातबंडे’ लिहिला, तो आधी आकाशवाणीवर गाजला. 2017 च्या ‘फास्टर फेणे’ चित्रपटात भा. रा. भागवत झाले तेही तेच. मराठी घराच्या हसण्याचा पन्नास वर्षांचा इतिहास एका माणसाच्या कामातून सांगता येतो.

या परंपरेचं शिखर म्हणजे ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’. 2001 मध्ये अल्फा मराठीवर आलेली ही मालिका प्रभावळकरांच्या ‘अनुदिनी’ या स्तंभावर आधारलेली होती आणि केदार शिंदे यांनी ती दिग्दर्शित केली. आबा, शेखर, श्यामल, शलाका, शिऱ्या. एक आजोबा, मुलगा-सून आणि दोन नातवंडं. कट नाही, कारस्थान नाही, आठवड्यातून एकदा अर्धा तास. आज पाहिली तरी तिच्यात खटकणारं फार थोडं सापडतं. घरातल्या प्रत्येकाला तिथे बाजू आहे आणि चूक करायची मुभा आहे. दैनंदिन मालिकांचा पूर आल्यावर हा साप्ताहिक घाट जवळजवळ नाहीसा झाला, कारण रोज अर्धा तास भरायचा तर माणसांपेक्षा कारस्थानं स्वस्त पडतात.

एक उणीव या सगळ्यावर पसरलेली आहे. चिमणराव, गोट्या, फेणे, टिपरे ही बहुतेक पुण्या-मुंबईची, पांढरपेशी घरं आहेत. ऊसतोडीला जाणाऱ्या आईबापांचं पोर, भिवंडीच्या यंत्रमागाशेजारी वाढणारी मुलगी, आश्रमशाळेतला आदिवासी मुलगा त्यात नायक झाला नाही. ‘आपलं बालपण’ असं म्हणताना ते कुणाचं होतं, हे लक्षात ठेवायला हवं. मराठी बालमालिकांची परंपरा पुढे चालली असती, तर कदाचित ही मुलंही तिच्यात आली असती.

ती चालली नाही. पुण्यात 1984 मध्ये स्थापन झालेली ‘बालचित्रवाणी’ ही शालेय मुलांसाठी मराठीत कार्यक्रम करणारी सरकारी संस्था 2017 मध्ये बंद झाली. आजचं मराठी मूल ‘डोरेमॉन’, ‘मोटू पतलू’, ‘छोटा भीम’ पाहतं ते बहुधा हिंदीत. मराठी वाहिन्यांवर मुलं दिसतात, पण गाण्याच्या नाहीतर नाचाच्या स्पर्धेत, मोठ्यांसारखे कपडे घालून, मोठ्यांकडून गुण घेताना. मुलांसाठी लिहिलेली साप्ताहिक मराठी मालिका सुरू करायला आजही लेखकांची वाण नाही. वाण आहे ती संध्याकाळचा अर्धा तास सोडायला तयार असलेल्या वाहिनीची आणि पैसे घालणाऱ्या पुरस्कर्त्याची.

जे झालं होतं तेही पुरतं उरलेलं नाही. दूरदर्शनच्या सुरुवातीच्या काळात टेप महाग होत्या. एक कार्यक्रम दाखवून झाला की त्याच टेपवर दुसरा चढवायची पद्धत होती. बीबीसीनेही हेच केलं आणि ‘डॉक्टर हू’सारख्या मालिकेचे कित्येक भाग गमावले. त्यांतले काही पुढे परदेशी केंद्रांच्या कपाटांत आणि संग्राहकांकडे सापडले. ‘चिमणराव’चे आज पाहायला मिळतात ते भाग बोटांवर मोजण्याइतके आहेत. ‘किलबिल’बद्दल तर बहुतेकांकडे फक्त आठवण आहे.

ऐंशी-नव्वदच्या दशकांत मात्र अनेक मराठी घरांत व्हीसीआर आला होता. मुलगी ‘किलबिल’मध्ये दिसणार म्हणून, आवडता भाग पुन्हा बघायचा म्हणून, परदेशी निघालेल्या भावाला द्यायचं म्हणून लोकांनी कार्यक्रम कॅसेटवर उतरवून ठेवले. अशा कॅसेट आज ठाण्यातल्या, साताऱ्यातल्या, न्यू जर्सीतल्या माळ्यांवर आणि तळघरांत असणार. आपल्या दमट हवेत चुंबकीय फितीला बुरशी धरते आणि ती वाजवायला यंत्रही मिळेनासं झालं आहे. व्हीसीआर बनवणारी जगातली शेवटची कंपनी, जपानची फुनाई, 2016 मध्ये थांबली. म्हणून या दिवाळीत माळा आवरताना हाताने नाव लिहिलेली काळी कॅसेट सापडली, तर ती भंगारात टाकू नका. आधी ती संगणकावर उतरवून घ्या, त्यावर तारीख आणि कार्यक्रमाचं नाव नोंदवा आणि एक प्रत दूरदर्शनला पाठवून द्या. तुमच्या घरातला तो भाग कदाचित त्यांच्याकडेही नसेल.